मोट, छागळ आणि मोटारीची गादी



जुन्या मोटारीच्या चामडी गाद्या साफ कशा कराव्यात आणि टिकवाव्यात कशा, हा काही बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या काळजीचा विषय नव्हे, हे मलाही कळते. आपल्या जिल्ह्यात जुनी मोटार आहे तरी किती जणांकडे? एखाद्या वाड्याच्या देवडीत, एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, वडिलांची आठवण म्हणून राखलेली एखादी गाडी असते. तेवढेच. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, आणि तोही इतिहासाचा विषय म्हणून. त्या गादीवर फडके फिरवताना माणसाला जे प्रश्न पडतात, म्हणजे तेल लावायचे की नाही, लावायचे तर कोणते, पाणी चालेल काय, ऊन चालेल काय, ते सारे प्रश्न मोटार येण्याच्या कितीतरी पिढ्या आधी या भागात पडून गेले होते आणि त्यांची उत्तरेही सापडली होती. उत्तरे शोधणाऱ्या माणसांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. मोटारींच्या मालकांची नावे आपल्याला पाठ आहेत.

आता बीडपासूनच सुरुवात करू. १९०८ च्या सुमारास छापल्या गेलेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये बीड गावाची ओळख देताना तिथल्या दोन जिनसांचा उल्लेख येतो. एक गुप्ती, म्हणजे काठीत लपवलेली तलवार. दुसरी छागळ. आजच्या मुलांना छागळ म्हणजे काय हे सांगावे लागते. छाग म्हणजे बोकड. शेळी-बोकडाच्या कातड्याची, तोंडाला बूच किंवा नळी असलेली पाण्याची पिशवी ती छागळ. प्रवासाला निघणारा माणूस ती खांद्याला अडकवी, घोडेस्वार खोगिराला बांधी, गाडीवान जुवाखाली लटकवून ठेवी. पुढे कॅनव्हासच्या छागळी आल्या, आणि त्या मोटारींच्या पुढच्या बाजूला लटकवून माणसे उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघू लागली. वाऱ्याच्या झोताने पाणी गार होई.

ते गार का होई, हे शिक्षक मंडळींनी वर्गात अवश्य सांगावे. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. पाणी बाहेर पाझरते, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणजे छागळीचे चामडे असे हवे की त्यातून पाणी गळता कामा नये, पण थोडे पाझरले मात्र पाहिजे. गळले तर वाटेत घसा कोरडा, आणि अजिबात पाझरले नाही तर पाणी कोमट. हे दोन्ही साधणे म्हणजे कसब आहे. कातडे किती कमवायचे, शिवण कशी घालायची, तेलाचा हात लावायचा की नाही, या साऱ्याचा त्यात हिशेब असतो. बीडच्या कारागिरांना तो साधला होता म्हणून त्यांच्या छागळींचे नाव सरकारी ग्रंथापर्यंत गेले.

छागळ ही वाटसरूची वस्तू. शेतकऱ्याची वस्तू मोट. ज्यांचे वय साठ-सत्तरच्या पुढे आहे त्यांना मोट सांगायला नको. विहिरीच्या काठाला उतरती धाव, वर चाक, चाकावरून जाणारा नाडा, नाड्याच्या टोकाला चामड्याची मोट आणि मोटेच्या खालच्या अंगाला लांब सोंड. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर येई, आणि थारोळ्यात सोंड मोकळी होऊन पाणी पाटाला लागे. हे दिवसभर चाले. चामड्यावर याहून वाईट प्रसंग दुसरा कोणता येणार? क्षणात बुडते, क्षणात उन्हात लटकते, शेकडो शेर पाण्याचा भार झेलते, विहिरीच्या दगडांवर घासते. आणि हंगाम संपला की महिनोन्‌महिने खुंटीला कोरडी पडून राहते. कोरडी पडली की चामडे वाळून ताठ होते. ताठ झालेली मोट एकदम पाण्यात सोडली तर घडीवर तडकते.

म्हणून मोटेला तेल लागे. आणि कोणते तेल, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. करडई हे आपले रब्बीचे जुने पीक. घाण्यावर काढलेले करडईचे तेल आपण खातो. पण करडईचे आणखी एक तेल काढीत असत. एक मडके जमिनीत पुरायचे, त्याच्या तोंडावर करडईचे दाणे भरलेले दुसरे मडके उपडे ठेवायचे आणि वर गोवऱ्यांचा विस्तव करायचा. दाणे वर भाजत, करपत, आणि त्यांतले तेल खालच्या मडक्यात ठिबकत राही. वैद्य लोक या रीतीला पाताळयंत्र म्हणतात. हे तेल काळे आणि चिकट, खाण्याच्या कामाचे नाही. पण पाण्यात राहणारे चामडे आणि विहिरीचे दोर यांना त्यासारखे दुसरे तेल नव्हते. जॉर्ज वॅट नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानातल्या व्यापारी जिनसांचा मोठा कोश तयार केला. त्यातही या तेलाच्या उपयोगाची नोंद आहे.

हे तेल इतके गुणकारी का ठरे? तेले दोन जातींची असतात. काही तेले हवेत तशीच पातळ राहतात. काही हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो. जवस आणि करडई या दुसऱ्या जातीतल्या. जवसाचे तेल रंगारी रंगात घालतात ते याच गुणासाठी. घरातल्या बायकांना हे शास्त्राच्या पुस्तकाशिवाय माहीत असते. कढईच्या बाहेरच्या अंगाला जो पिवळा चिकट थर बसतो आणि राखेने घासूनही निघत नाही, तो याच प्रकारचा. मोटेच्या चामड्यात भिनलेले करडईचे तेल असेच आत घट्ट होई आणि पाण्याला वाट राहत नसे.

ही मोट तयार करणारे कोण? आपल्याकडे कातडे कमावणारा तो ढोर समाज आणि कमावलेल्या चामड्याच्या वस्तू करणारा तो चांभार समाज, अशी कामाची वाटणी होती. गावोगावी तपशिलात फरक असे, पण साधारण रीत ही. कच्चे कातडे पाण्यात भिजवायचे, चुनखडीच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, रापीने खरवडून साफ करायचे. मग त्याचीच पिशवी शिवायची, आत बाभळीची साल, तरवडाची साल, हिरड्याची पूड भरायची, वरून पाणी ओतायचे आणि लाकडी तिपाईला टांगायचे. सालीचा रस आतून बाहेर झिरपत राही आणि कातड्याचे चामडे होई. दिवसच्या दिवस हे चाले. बाभूळ आणि तरवड आपल्या माळरानावर फुकट. कष्ट मात्र फुकट नव्हते, आणि त्या कामाला असलेला वास माणसाच्या अंगाला नव्हे तर नावाला चिकटवला गेला. ज्या मोटेच्या पाण्यावर साऱ्या गावाचा मळा पिके, ती मोट करणाऱ्याला त्याच विहिरीवर पाणी भरण्याची बंदी. याहून अधिक काही बोलायची गरज आहे असे मला वाटत नाही.

ढोर समाज संत कक्कय्यांना आपले मानतो. कक्कय्या हे बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या मेळ्यातले शरण. बसवेश्वरांचे कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. ते बिदर जिल्ह्यात आहे, आपल्यापासून फार लांब नाही, आणि १९४८ पर्यंत बीड व बिदर एकाच हैदराबाद संस्थानात होते.

आता त्या संस्थानातूनच मोटारीकडे वळू. सहावे निजाम महबूब अली खान यांनी इंग्लंडला रोल्स-रॉइस मोटारीची मागणी नोंदवली होती. ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले. गाडी आली ती सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या ताब्यात. पिवळ्या रंगाची, मागची बैठक सिंहासनासारखी उंच केलेली १९१२ ची ही सिल्व्हर घोस्ट फक्त समारंभांसाठी बाहेर निघे. ती फारच थोडे मैल चालली. आज ती हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. शाळेची सहल हैदराबादला गेली तर चारमिनारजवळच हा राजवाडा आहे.

त्या काळच्या गाड्यांविषयी एक गंमत सांगतो. आज आपण चामड्याची गादी म्हणजे श्रीमंती समजतो. १९१० च्या आसपास उलटे होते. बड्या लोकांच्या बंद गाडीत मागे मालक बसे, आणि त्याच्या बैठकीला उंची लोकरी कापड किंवा किनखाप असे. पुढे चालक उघड्यावर बसे. पाऊस, धूळ, ऊन त्याच्या वाट्याला. म्हणून त्याच्या गादीला चामडे. टिकाऊ, पुसता येणारे, पावसाने न नासणारे. म्हणजे चामडे मोटारीत आले ते मोट ज्या कारणाने चामड्याची असे त्याच कारणाने. पुढे मालक स्वतः गाडी चालवू लागले, आणि चामडे हळूहळू मानाचे ठरले.

हे चामडे पुरवणारांत लंडनच्या कोनोली घराण्याचे नाव मोठे. १८७८ साली दोघा भावांनी तिथे जोडे दुरुस्तीचे दुकान काढले. गिऱ्हाईक बसल्याजागी जोडा नीट करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. तिथून ते घोड्यांच्या साजाकडे, बग्ग्यांच्या चामड्याकडे आणि शेवटी मोटारींच्या गाद्यांकडे गेले. रोल्स-रॉइससारख्या गाड्यांत त्यांचे चामडे बसे. लंडनचा जोडे शिवणारा राजाच्या बग्गीपर्यंत पोचला, आणि बीडचा छागळ शिवणारा होता तिथेच राहिला. दोघांच्या हातातल्या कसबात एवढे अंतर होते असे मला वाटत नाही. अंतर बाजाराचे आणि समाजाचे होते.

सामान्य माणसाला मोटार दिसली ती पुढे. विसाव्या शतकात बीड शहराला रेल्वे नव्हती. जायचे तर रस्त्यानेच. निजाम सरकारच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी बसवाहतूक सुरू केली, आणि त्यानंतर बस हा शब्द खेड्यापर्यंत पोचला. खासगी मोटारी जहागीरदार, वकील, डॉक्टर, मोठे व्यापारी यांच्याकडे. ऑस्टिन, मॉरिस, फोर्ड ही नावे जुन्या लोकांच्या तोंडी अजून येतात. आणि या गाड्यांची गादी उसवली की माणूस कोणाकडे जाई? चांभाराकडेच. ज्या हाताने मोटेची शिवण घातली त्याच हाताने मोटारीची.

इथेच एक घोटाळा होऊ लागला. अंबाजोगाईकडच्या एका वाड्यात काही वर्षांपूर्वी मी एक जुनी मोटार पाहिली. मालकांनी ती जिवापाड जपली होती. वडिलांच्या वेळेपासून दर दसऱ्याला गाद्यांना करडईचे तेल चोपडण्याचा रिवाज. कारण मोटेला तेच लावीत. गाद्यांचा मूळ रंग तांबूस तपकिरी असावा, पण दिसत होता काळा. हात लावला तर चिकट, त्यावर धुळीचा थर घट्ट बसलेला, आणि जिथे बसणाऱ्याचे वजन पडते तिथे शेकडो बारीक भेगा. तिथेच त्या गावचे एक वृद्ध चर्मकार भेटले. त्यांच्या वडिलांनी मोटा शिवल्या होत्या. मी विचारले, “बाबा, मोटेचे तेल गादीला का चालत नाही?” ते म्हणाले, “सर, मोटंला तेल पाजावं लागायचं. गादीला नुसता हात दावायचा. अन्‌ छागळीला त्योबी न्हाई.”

या तीन वाक्यांत चामड्याच्या निगेचा सगळा मुद्दा आला. मोटेला पाणी अडवायचे असते, म्हणून तेल पोटभर. छागळीला पाझरायचे असते, म्हणून तिची छिद्रे बुजवायची नाहीत. मोटारीच्या गादीला या दोहोंपैकी काहीच करायचे नसते. तिला माणूस बसला की वाकायचे आणि उठला की पुन्हा सरळ व्हायचे. वाकण्यापुरता तिच्यात स्निग्धपणा हवा, त्याहून थेंबभर जास्त नको. शिवाय मोटेचे चामडे उघडे असते, तर मोटारीच्या गादीवर कारखान्यात रंगाचा आणि लाखेसारख्या पातळ मुलाम्याचा थर दिलेला असतो. वरून ओतलेले तेल आत जातच नाही. वरच राहते, हवेने घट्ट होते, चिकटते, धूळ धरते, आणि शेवटी गादी वाकली की तो थर रंगासकट तडकतो. ज्या गुणाने करडईने मोट वाचवली त्याच गुणाने गादी घालवली.

मग गादीचे करायचे काय? ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, किंवा आजोबांचे खोगीर, चामडी पेटी, जुनी खुर्ची आहे, त्यांनी हे नीट ऐकावे. रीत साऱ्यांना जवळपास सारखीच लागू पडते.

आधी ते चामडेच आहे ना, याची खात्री करा. आपल्याकडे १९५० नंतरच्या पुष्कळशा गाड्यांत रेक्झिन होते. रेक्झिन म्हणजे कापडावर रासायनिक लेप देऊन चामड्यासारखे दाबलेले कापड. मुळात ते एका इंग्रज कारखान्याच्या मालाचे नाव, आपण ते साऱ्या जातीला दिले. गादीच्या खालची कड उलटून पाहा. उलट बाजूला सुताची वीण दिसली तर रेक्झिन. मखमलीसारखी तंतूंची लव दिसली तर चामडे. रेक्झिनला तेलाचा काडीचाही उपयोग नाही.

पहिले काम कोरडे. आपली काळी माती वाळली की बारीक धूळ होऊन सगळीकडे बसते, आणि तिच्यात कणी असते. गादीवर धूळ तशीच ठेवून बसले की माणसाच्या वजनाखाली ती काचकागदासारखी घासते. रंगाऱ्याचा मऊ कुंचला घेऊन शिवणींतून, घड्यांतून धूळ काढा. घरात धूळ ओढणारे यंत्र असेल तर उत्तम. निम्मी सफाई इथेच होते, आणि पुष्कळदा एवढीच पुरते.

मळ निघत नसेल तरच पाणी. पांढरे सुती फडके, कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले. साबण लावायचा तर अंगाचा सौम्य साबण, तोही नुसता फेस. कपड्याचा साबण आणि धुण्याचा सोडा मुळीच नको. चामडे मुळात किंचित आंबट गुणाचे असते आणि सोडा त्याच्या उलट, म्हणून सोड्याने त्याचे तंतू बिघडतात आणि रंग सुटतो. आधी कोपऱ्यात, नजरेआड, रुपयाएवढ्या जागेवर करून पाहा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा. पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांनी डाग काढण्याची पुष्कळांना हौस असते. डाग जातो हे खरे, पण वरचा मुलामाही विरघळून जातो, आणि मग ती जागा कायमची कोड फुटल्यासारखी दिसते. साबणानंतर साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा आणि गाडीची दारे उघडी टाकून सावलीत वाळवा. उन्हात नको. आपला मे महिन्यातला उन्हाळा बंद गाडीत चामड्याला भाजून काढतो, त्याला आणखी मदत कशाला?

पूर्ण वाळल्यावर मग तो हात दावायचा. मेंढीच्या लोकरीतून एक मेणासारखा स्निग्ध पदार्थ निघतो, त्याला लॅनोलिन म्हणतात. त्याची चामड्यासाठी केलेली मलमे बाजारात मिळतात. बोराएवढे मलम मऊ फडक्यावर घ्या, सगळ्या बैठकीवर पातळ पसरा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. फडक्याला जे लागून आले ते जास्तीचे होते असे समजा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. खाण्याचे कोणतेही तेल वापरू नका. करडईचे दोष सांगितलेच, आणि शेंगदाण्याचे तेल खवट होते, त्याच्या वासाने झुरळे आणि उंदीर येतात. उंदराला तेलकट चामड्यासारखा खाऊ नाही.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वस्तुसंग्रहालयांतले तज्ज्ञ आता म्हणतात की जी चामडी वस्तू वापरायचीच नाही, नुसती जपून ठेवायची, तिला तेल-मलम काहीच लावू नका. धूळ, ऊन, ओल यांपासून दूर ठेवा, एवढे बस. शाळेत कोणी जुनी छागळ किंवा खोगीर आणून दिले तर शिक्षकांनी हेच ध्यानात ठेवावे. मुलांना चकचकीत करण्याचा मोह होतो.

पावसाळ्यात आणखी एक संकट, बुरशी. गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट झाकला की आत दमट हवा कोंडते आणि गादीवर पांढरी-हिरवी लव उगवते. झाकायचे तर सुती चादरीने झाका. उघडीप पडली की दारे उघडा.

आणि भेगा? भेगेला औषध नाही. कोणत्याही तेलाने तुटलेले तंतू जुळत नाहीत. फाटले असेल तर मागून पातळ चामड्याचे ठिगळ लावून घ्यावे. शिवण उसवली तर लगेच, कारण चामड्याआधी दोरा कुजतो आणि एक टाका सुटला की पुढचे दहा त्याच्या मागे जातात. हे काम जाणकार हाताचे आहे, आणि तसा हात आपल्या तालुक्याच्या गावी अजून मिळतो. मोबदला देताना घासाघीस करू नये, एवढीच माझी विनंती.

जुन्या चामड्याला एक रोग होतो, तोही सांगतो. चामडे लालसर पडते आणि बोटाला गेरूसारखी पूड लागते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या बांधण्या अशाच झडू लागल्या. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८४३ मध्ये याचा संबंध गॅसच्या दिव्यांशी लावला. गॅस जळताना गंधकाचा धूर निघे, तो चामड्यात शिरून त्याचे आम्ल होई. पुढे १९०० साली तिथल्या कलासंस्थेने एक समितीच नेमली. त्या समितीने कोणत्या सालीने कमावलेले चामडे किती टिकते हे तपासले, आणि बांधणीला वाईट ठरलेल्या चामड्यांत हिंदुस्थानातून जाणारे तरवडाच्या सालीचे चामडे होते. इंग्रजांनी नावे ठेवली म्हणून आपण वाईट वाटून घ्यायचे कारण नाही. आपल्या विहिरीवर गॅसचे दिवे नव्हते. मोट जुनी होऊन झिजायच्या आधी लाल पडायला तिला तेवढी वर्षे मिळतच नसत. मात्र ज्यांच्या घरी जुन्या चामडी बांधणीच्या पोथ्या किंवा दप्तरे आहेत त्यांनी ती लाल पूड दिसली की ओले फडके लावू नये. पाण्याने ती काळी पडते आणि कडक होते.

मोटेच्या चामड्यात सुधारणा करण्याचाही एक मोठा प्रयत्न झाला होता. सालीऐवजी क्रोमियमच्या क्षाराने कातडे कमावण्याची रीत अमेरिकेत १८८४ च्या पेटंटाने पुढे आली. दिवसांचे काम तासांवर आले. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ मध्ये हे प्रयोग सुरू केले. कशासाठी? तिकडच्या विहिरींवरच्या मोटेसाठी! पाण्यात अधिक टिकणारे चामडे शेतकऱ्याला द्यावे, हा हेतू होता. आज जगभरातल्या मोटारींत जे चामडे असते त्यातले पुष्कळ या क्रोमच्या रीतीने कमावलेले असते, आणि आपल्या देशात ती रीत रुजवताना मोट डोळ्यांपुढे होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, त्याच मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था उभी राहिली.

मोट मात्र थांबली नाही, नाहीशी झाली. आधी तेलाची इंजिने आली. १९६० नंतर विजेचे पंप गावोगाव पोचू लागले, आणि वीस-पंचवीस वर्षांत धावा बुजल्या. छागळीची जागा आधी कॅनव्हासने, मग थर्मासने, मग प्लॅस्टिकच्या बाटलीने घेतली. दुसऱ्या बाजूने, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिकवणुकीने दलित समाजाने मेलेली जनावरे ओढण्याचे काम टाकून दिले. ते त्यांनी योग्यच केले. सक्तीच्या कामातले कसब गेले म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी ती सक्ती आठवावी. काही कारागीर पोटासाठी मुंबईला धारावीच्या चामड्याच्या कामावर गेले. ज्यांची मुले शिकली ती शिक्षक झाली, कारकून झाली. राज्य सरकारने १९७४ साली चर्मकारांसाठी महामंडळ काढले, त्याला संत रोहिदासांचे नाव आहे.

पण कसब आणि सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर माहितीही गेली. करडईचे काळे तेल कसे काढीत, कोणत्या चामड्याला ते किती पाजीत, छागळीची शिवण आतून कशी घालीत, हे सांगू शकणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शिक्षकांनी एक करावे. वर्गातल्या मुलांना आजोबा-आजींकडून मोटेचे भाग विचारून वहीत लिहून आणायला सांगावे. नाडा, सोंड, धाव, थारोळे. प्रत्येक गावात एखादा शब्द वेगळा निघेल. आणि त्याच वहीत, त्या गावात मोट कोण शिवीत असे, त्या माणसाचे नावही लिहायला सांगावे. आडनाव नव्हे, जात नव्हे, नाव.

जाता जाता जुन्या मोटारवाल्यांना एक सूचना. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो. त्या दिवशी नळी लावून गाडी धुतात, आतही पाणी मारतात आणि गादीवर हळदीकुंकवाची बोटे उठवतात. पाणी गादीच्या शिवणीतून आत काथ्यात आणि स्प्रिंगांत जाते आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहते. हळद तर सगळ्यांत हट्टी रंग. चामड्यात बसली की साबणाने निघत नाही. घासत बसू नका, उन्हाची तिरीप रोज थोडा वेळ पडू दिली तर ती आपोआप फिकी होते. पूजा गाडीच्या टपावर करावी. तिथले बोट फडक्याने निघते.